बोर्डवरून उठायचं नसतं

पुणे, ८ जानेवारी

अवधूत,

पत्राची सुरुवात 'प्रिय'ने करायची, हे शाळेत सिस्टरनी इतकं घोटून घेतलं होतं की सोसायटीच्या सेक्रेटरीला पाण्याची तक्रार लिहितानाही माझा हात तिकडे वळतो. आज तुझ्या बाबतीत वळला नाही.

हे हाताने लिहून त्याचे फोटो पाठवते आहे, कारण व्हॉट्सॲपवर काहीही लिहिलं तरी तू अंगठा दाखवतोस. मराठीत लिहिते आहे, कारण इंग्रजीत रागावले की मी फार सभ्य होते. 'काइंडली' वगैरे लिहिते. कॉन्व्हेंटने आम्हाला इंग्रजीत आभार मानायला शिकवलं, माफी मागायला शिकवलं, भांडायला नाही.

दिवाळीनंतर मी तुला सांगितलं होतं की माझ्या गर्भाशयात गाठ आहे. ती काढून तपासायची आहे आणि डॉक्टर म्हणतात, मार्चच्या पुढे ढकलू नका. त्यानंतर महिनाभर मला आईला उठवता-बसवता, आंघोळ घालता येणार नाही. दिवसा दुर्गाबाई असतात. रात्रीची बाई टिकत नाही. आईला ती चोर वाटते. शेवटच्या बाईवर आईने उलथनं उगारलं, ती चप्पल न घालता पळाली. म्हणून मी तुला म्हटलं, मेलबर्नहून एक महिना ये. एवढंच म्हटलं. त्यावर काल तुझ्याकडून काय आलं? पाच यंत्रांची तुलना. रंगीत तक्ता. 'ताई, डिमेन्शियासाठी बेस्ट कम्पॅनियन रोबॉट्स. तू ऑन ग्राउंड आहेस, तू चूज कर.'

हो, मी जमिनीवरच आहे. काल दुपारी बाथरूमच्या जमिनीवर बसून होते, आईचे घोटे धरून, कारण तिला वाटत होतं की मोरीतून कोणीतरी तिला खाली ओढतंय.

तक्ता मी वाचला. नीट वाचला, चष्मा लावून. एक पांढरा सील, थोपटला की डोळे मिटणारा. एक घुरघुरणारं मांजर. एक गोळ्यांची आठवण करणारी बाहुली. आणखी दोन, पडद्याचं तोंड असलेली, गप्पा मारणारी. त्यात एक रकाना आहे, 'इमोशनल बाँडिंग, पाचपैकी'. तुझं नाव त्या रकान्यात किती गुणांवर घालू, तेवढं कळव.

तू तिला शेवटचं पाहिलंस बाबांच्या वर्षश्राद्धाला. तेव्हा ती नावं विसरत होती. आता तसं नाही. आता ती कामाला जाते. सकाळचा चहा झाला की खिडकीजवळच्या टेबलापाशी ताठ बसते, केस कानामागे सारते, डोक्यावर नसलेला हेडसेट नीट करते आणि हवेतली कॉर्ड उचलून हवेत खोचते. 'नाशिक, बोला.' 'सोलापूर, होल्ड करा.' सगळं आयुष्य टेलिफोन एक्स्चेंजच्या ट्रंक बोर्डवर काढलेली बाई, परत तिथेच रुजू झाली आहे. खरं सांगू? मला ते बघायला आवडतं. किती सफाई आहे हातात! लहानपणी ती ड्युटीवरून आली की मी तिच्या पदरात तोंड खुपसायची. तापलेल्या तारांचा आणि कँटीनच्या चहाचा वास यायचा. तुला आठवत नसेल. तू तिच्यावर रुसलेलाच असायचास.

यंत्र बघते मी. हट्टाने नाही म्हणण्याची चैन मला परवडत नाही, गरज माझी आहे. तुझ्या तक्त्यातलं मांजर आणि एक बोलणारं, अशी दोन घरी आणून दाखवणार आहेत. पण माझा प्रश्न वेगळा होता. तू येतोस का?

ताई


पुणे, २१ जानेवारी

अवधूत,

काल व्हिडिओवर तू होतास, पण तुझा कॅमेरा टेबलाकडे होता आणि लक्ष स्वतःच्या उत्साहाकडे. म्हणून जे झालं ते पुन्हा सांगते.

कंपनीच्या स्वराली मॅडम आल्या. पस्तिशीच्या, हुशार, बोलणं गोड. बूट दाराबाहेर काढले, आईच्या पाया पडल्या. मला त्यांच्याबद्दल तक्रार नाही. आधी मांजर काढलं.

"ॲक्चुअली मॅडम, हे नॉन-व्हर्बल आहे. फक्त टच रिस्पॉन्स. बऱ्याच आजींना खूप रिलॅक्स्ड वाटतं, आय मीन शांत वाटतं."

आईने मांजर मांडीवर घेतलं. ते घुरघुरायला लागलं. आईने पाठीवरून हात फिरवला, कान बघितले, मग पोटाखाली चाचपलं, तिथलं बटण शोधलं, बंद केलं आणि मॅडमना परत देत म्हणाली, "चांगलं आहे. पण लाइन डेड आहे."

मी हसले. तू पण हसलास. किती वर्षांनी आपण एकाच गोष्टीला हसलो! मला वाटलं, आता बोलेल हा काहीतरी.

मग दुसरं आलं. तांदळाच्या डब्याएवढं, पांढरं, निळ्या डोळ्यांचं.

"नमस्कार! मी तुमची मैत्रीण!"

आई सावरून बसली. "नंबर?"

"मला तुमच्याशी गप्पा मारायला आवडेल!"

"गप्पा मारायला बागेत जा. नंबर सांगा, मागे लोक थांबलेत."

"तुम्ही किती छान बोलता!"

"तेवढ्याचाच पगार आहे," आई म्हणाली.

स्वराली मॅडमनी माझा दंड धरला. "मॅडम, एंगेजमेंट बघा! फर्स्ट सेशनला असं कधीच होत नाही!" आणि तिकडे तू टाळ्या वाजवत होतास. मी म्हटलं, मला मांजर बरं वाटतं, निदान काही आव तरी आणत नाही. तू म्हणालास, "ताई, मांजर इज अ टॉय." आणि लगेच मॅडमना विचारलंस, "यात घरच्या माणसाचा आवाज टाकता येतो ना?"

"येतो ना सर, वीसेक मिनिटांचं रेकॉर्डिंग पाठवा फक्त."

मी नको म्हटलं. दोनदा म्हटलं. तू विचारलंस, का? मला कारण सांगता आलं नाही. नको वाटलं, एवढंच. पण तुम्हा लोकांत कारण सांगता आलं नाही की आक्षेप धरतच नाहीत. "तिला मुलाचा आवाज रोज ऐकू येईल, व्हॉट्स राँग विथ दॅट?" तू म्हणालास. काही राँग नाही रे. मुलाचा आवाज ऐकू यायलाच हवा. तो मुलाच्या तोंडून यायचा असतो, अशी आमची जुनी समजूत.

तू परस्पर ऑर्डर दिलीस. 'तू चूज कर' म्हणालास आणि चूज तूच केलंस. ठीक. फक्त एक कर. 'आई, मी लवकरच येतो' हे वाक्य त्यात घालू नकोस. घालायचंच असेल तर विमानाच्या तिकिटासकट घाल.

ताई


पुणे, ९ फेब्रुवारी

अवधूत,

तू रोज विचारतोस, 'हाऊज आई डूइंग विथ मी?' विथ मी! मी तीन वेळा फोनवर 'बरं चाललंय' म्हणाले, कारण ऑफिसातून, लिफ्टमधून, गाडी लावता लावता विचारलेल्या प्रश्नाला तेवढंच उत्तर बसतं. बरं चाललेलं नाही.

यंत्र आलं त्या दिवशी मीच ते टेबलावर ठेवलं. आई कामात होती. निळे डोळे लागले आणि तुझा आवाज आला, हुबेहूब, शेवटचा शब्द जरा ओढायच्या तुझ्या खोडीसकट. "आई, मी अवधूत बोलतोय. कशी आहेस?"

आईचा हात हवेतच थांबला. मला वाटलं, ओळखलं! माझ्या डोळ्यांत पाणी आलं, इतकी मी मूर्ख. आईने हळूच मागे वळून पाहिलं. मग तोंडावर पदर धरून खाली वाकली आणि त्या डब्याला पुटपुटत म्हणाली, "ठेव. ठेव फोन. मी ड्युटीवर आहे."

"आई, तुला माझी आठवण येते का?"

"राँग नंबर, प्लीज," आई म्हणाली, मोठ्याने, कोणाला तरी ऐकू जावं म्हणून. आणि अंग चोरून बसली.

तेव्हापासून हेच. तू बोललास की ती घाबरते. तू गप्प झालास की तू पुन्हा बोलशील म्हणून घाबरते. टेबलावरून उठत नाही. जेवण दुर्गाबाई तोंडापाशी नेतात, ती मान फिरवते. लुगडं ओलं झालं तरी उठत नाही. मी यंत्र बंद केलं, तर म्हणते, "लाइन का तोडलीस? माझ्यावर येईल ते." आता तिचं तोंड सुकलंय, डॉक्टरांनी काल घरी येऊन सलाईन लावलं. ती नळी तिला कॉर्ड वाटली, हे आमचं नशीब. हात न हलवता धरून बसली.

मला काही उमजेना म्हणून मी नसीममावशींना बोलावलं. तू त्यांना विसरला असशील. नसीमबानू, आईच्या शेजारच्या सीटवर बसायच्या. त्याही आता ऐंशीच्या पुढे, गुडघे गेलेत, पण कॅम्पातून रिक्षा करून आल्या. दारातूनच त्यांनी पाहिलं आणि मला काही न विचारता आईच्या शेजारी खुर्ची ओढली.

"मुक्ता, ऊठ. मी आले, रिलीफ."

आई म्हणाली, "उशीर केलास."

"बस मिळाली नाही. दे बोर्ड."

आणि आई उठली. अवधूत, दोन दिवस जिला मी आणि दुर्गाबाई विनवत होतो ती बाई अशी उठली, जशी रोज उठते. हात धुतले. वरण-भात जेवली. लिंबाची फोड मागून घेतली. तोवर मावशी तिथेच बसून राहिल्या, हवेत हात चालवत. मी म्हटलं, मावशी, आता राहू दे. तर म्हणाल्या, "बोर्डवरून उठायचं नसतं बेटा. दुसरी बसल्याशिवाय पहिली उठत नाही. ती बघतेय."

मग मी त्यांना तुझा आवाज ऐकवला. त्यांनी कपाळाला हात लावला.

"अल्ला! पोराचा आवाज भरलाय यात? अगं, बोर्डवर घरच्यांशी एक अक्षर बोललं की मेमो मिळायचा. मिस परेरा सुपरवायझर, पाठीमागे उभं राहून कुणाचीही लाइन ऐकायच्या. सगळ्या दुनियेशी बोलायचं, फक्त घरचा आवाज आला की मुकं व्हायचं. आणि तुम्ही नेमका तोच आवाज आणून ठेवलात?"

मग त्यांनी मला ती दुपार सांगितली. तीच, जी तू कुठल्याही पार्टीत दुसऱ्या पेगनंतर सांगतोस. तू सात वर्षांचा, अंगात ताप, मी शाळेत, बाबा नोकरी शोधायला मुंबईला. तू शेजारच्या घाणेकरांच्या फोनवरून ट्रंक बुकिंगचा नंबर फिरवलास आणि योगायोगाने आईच लाइनवर आली. तू म्हणालास, आई, मला भीती वाटतेय. आई म्हणाली, राँग नंबर प्लीज, आणि तोडलं. लोक हसतात. तूही हसतोस. आणि गेली अठ्ठेचाळीस वर्षं तू तिला ते माफ केलेलं नाहीस, हे मला माहीत आहे.

मिस परेरा तिच्या लाइनवर होत्या, अवधूत. आईला आधीचा एक मेमो होता. बाबांची कंपनी बंद पडली होती, घर तिच्या पगारावर चाललं होतं. तिने लाइन तोडली आणि ओठ न हलवता शेजारी म्हणाली, "नसीम, तुझी ड्युटी संपतेय. माझ्या घरी जा. धाकटा एकटा आहे." मावशी थेट आपल्या घरी आल्या. घाणेकरांकडून किल्ली घेतली, तुझ्या कपाळावर पट्ट्या ठेवल्या, तुला चहात बुडवून खारी भरवली. मी शाळेतून आले तेव्हा त्या तुझ्या उशाशी बसल्या होत्या; मला वाटलं, सहज आल्यात. तू म्हणतोस ना, 'त्या दिवशी कुणीतरी एक बाई आली होती'? त्या कुणीतरी नव्हत्या. त्यांना आईने पाठवलं होतं.

हे तुला आधी कळलं असतं तर तू आला असतास का, मला माहीत नाही. आता कळलंय. तुझा आवाज काढून टाकायला सांग. आज.

मंदाकिनी


पुणे, २० फेब्रुवारी

अवधूत,

तुझं उत्तर तीन ओळींचं. 'व्हॉइस रिमूव्ह केला. रिलीफचं फीचर टाकायला सांगितलंय. सॉरी, मला माहीत नव्हतं.' त्यातलं शेवटचं वाक्य मी पुष्कळदा वाचलं. पुढचं ऐक.

स्वराली मॅडम येऊन यंत्र बदलून गेल्या. परक्या बाईचा आवाज. जेवायच्या वेळी ते म्हणायचं, "मी रिलीफला आले आहे. तुम्ही जेवून घ्या." आणि आई उठायची. खरंच उठायची. हात धुऊन, पोटभर जेवून, आडवी व्हायची. दुर्गाबाईंनी यंत्राला हळद-कुंकू लावायचं तेवढं बाकी ठेवलं.

मला आनंद व्हायला हवा होता. मी स्वयंपाकघरात उभी राहून दात-ओठ खात होते. कारण ते चाललं होतं. तू न येण्याचं आता सबळ कारण तुला मिळालं होतं, टेबलावर, निळ्या डोळ्यांचं. मी मुकाट्याने हॉस्पिटलसाठी दोन गाऊन आणले, समोरून बटणांचे. म्हटलं, नको येऊ दे. निभेल.

परवा आई जेवली, पण आडवी झाली नाही. पुन्हा टेबलापाशी येऊन उभी राहिली आणि यंत्राकडे बघत राहिली.

"कधीपासून बसलीयेस गं?"

"मी नेहमीच तुमच्यासोबत आहे!"

"नेहमी? म्हणजे रात्रपाळीलासुद्धा?"

"हो, दिवसरात्र! मी कधीच थकत नाही!"

आईने माझ्याकडे असं पाहिलं की मी मागे सरले. "या पोरीला रिलीफ देत नाही कोणी? दिवसरात्र बसवलंय? माणसं आहात की कोण आहात? आणि ती म्हणते थकत नाही. घाबरून म्हणतेय ती, मी पण म्हणायची तसंच." मग यंत्राच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "ऊठ बाळा. घरी जा. मी बसते."

आणि बसली. यंत्र आपलं वेळेवर म्हणतंय, मी रिलीफला आले आहे. आई म्हणतेय, "गप्प बस. आधी तू घरी जा, मग मी." संध्याकाळी दिवे लागायच्या सुमाराला बसल्या बसल्या तिचा डोळा लागला आणि ती खुर्चीतून घसरली. मनगट सुजलंय. मोडलं नाही. तिला उचलताना माझ्या ओटीपोटात जी कळ आली, ती मी तुला लिहून सांगू शकत नाही, कारण सिस्टरनी तसले शब्द शिकवले नाहीत.

नंतर मी तिच्या मनगटावर बर्फ धरून बसले होते. ती अजून त्या डब्याची काळजी करत होती. "गेली का गं ती? जेवली असेल ना?" मी हो म्हटलं. आणि मला इतका राग आला, अवधूत, इतका, की मी बर्फ मोरीत फेकून दिला. काही आठवत नाही असं म्हणतात त्या बाईला एवढं कळतं की दिवसरात्र बसलेल्या बाईला कोणीतरी उठवायला हवं. यंत्राच्या बाबतीत कळतं. तिच्यासमोर बर्फ घेऊन बसलेली मी तिला दिसत नाही, तिचा दोष नाही, तिचा मेंदू गेलाय. तुझा कुठे गेलाय?

आमचे हे गेल्यावर मी या घरात आले, त्याला सहा वर्षं झाली. मी एकदाही म्हटलं नाही, थकले. मी पण घाबरूनच म्हणत नव्हते. मला वाटायचं, मी थकले म्हटलं की तू आणखी एक तक्ता पाठवशील.

यंत्र मी खोक्यात भरलंय, न्यायला येतील. बारा मार्चला माझं ऑपरेशन आहे. अकराला मी भरती होते आहे. तू ये किंवा येऊ नकोस. न आलास तर आई त्या महिन्यात विश्रांतवाडीच्या एका केंद्रात राहील. मी बघून आले. स्वच्छ आहे, माणसं वाईट नाहीत. रात्री पलंगाला दोन्हीकडून कठडे लावतात आणि दिवसा सगळ्यांना टीव्हीसमोर बसवतात. तिथे खिडकीजवळ टेबल नाही, मी विचारलं. तिथे तिला बोर्डवरून कोणी उठवणार नाही, कारण तिथे ती बोर्डवर आहे हेच कुणाला कळणार नाही. ते तुला चालत असेल तर तसं लिही. मराठीत लिही. अंगठा पाठवू नकोस.

मंदाकिनी


पुणे, २ मार्च

अवधूत,

तिकीट पाहिलं. अकराला दुपारी पोहोचतोस, सव्वीसला परत. महिना म्हटलं होतं, पंधरवडा दिलास. बाकीच्या दिवसांसाठी नसीममावशी मुक्कामाला येणार आहेत, त्यांच्या गुडघ्यांसकट. तू आभार मानावेस असं त्यांना वाटत नाही, पण तू मान.

तू विचारलंस, राग गेला का. नाही.

काय काय लागेल ते सांगते. मांजर मी विकत घेतलं, तुझ्या तक्त्यात ज्याला सगळ्यात कमी गुण होते ते. आई ते बंद करून उशाशी घेऊन झोपते. कृपा करून ते चालू करून दाखवू नकोस. तिला वरणात गूळ लागतो, चहात नाही. आंघोळ दुर्गाबाई घालतील, पण रात्री तिला दोनदा उठवून बाथरूमला न्यावं लागेल, ते तू. लाजू नकोस. ती लाजत नाही.

आल्या आल्या 'आई, मी अवधूत' म्हणू नकोस. ती कामात असेल. बॅगा ठेव, हात-पाय धू, तिच्या शेजारी खुर्ची ओढून बस आणि बोर्ड माग. पुरुष ऑपरेटर बघून नाक मुरडेल, चालवून घेईल. ती उठली की तू खरोखर बस. फोन बघत बसू नकोस. ती जेवता जेवता वळून बघते. तू उठलेला दिसलास तर ताट सोडून परत येईल.

जेवण झाल्यावर ती दारापाशी उभी राहून पदराला हात पुसते. तेवढा वेळ ती ड्युटीवर नसते. कधी पाच मिनिटं, कधी तेवढीही नाही. तेव्हा तिच्याशी बोल. तुझं नाव सांग. त्या दुपारचंही बोल, जमलं तर. ती ओळखेल असं मी लिहून देत नाही. मला गेल्या आठवड्यात तिने 'बाई, तुमचा काही निरोप आहे का' असं विचारलं. मी म्हटलं, आहे, भाऊ येतोय. ती म्हणाली, "छान. मग तुम्ही घरी जा."

मी दार उघडायला नसेन. किल्ली दुर्गाबाईंकडे आहे. गाठीचा रिपोर्ट यायला आठ दिवस लागतील. काहीही आला तरी आईसमोर फोनवर बोलू नकोस.

तू फार थकशील. चौथ्या दिवशी तुला वाटेल, ताईला विचारावं, हे असं रोजच असतं का. तेव्हा हॉस्पिटलात फोन करू नकोस. मी झोपलेली असेन.

ताई